हातगुणींचं न अडणारं यंत्र

सकाळचे सव्वानऊ वाजले होते आणि डोळ्यांच्या इस्पितळातल्या नोंदणीच्या दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी ही गर्दी रुग्णांची असते. त्या सोमवारी मात्र निम्मी माणसं इस्पितळातलीच होती. दुसऱ्या मजल्यावरच्या सिस्टरबाई रक्तदाब मोजायचं यंत्र छातीशी धरून उभ्या होत्या. रखवालदाराने आपला तडा गेलेला मोबाइल आणला होता. भांडारातल्या कारकुनाने तर कमाल केली होती. तो अख्खा प्रिंटर उचलून घेऊन आला होता आणि घामाघूम होऊन "सरका, सरका, पायावर पडेल" असं ओरडत होता.

सगळे वाट बघत होते हातगुणींची.

हातगुणी हे काही त्या गृहस्थांचं खरं नाव नव्हे. ते संगणक दुरुस्त करायचे. पण 'दुरुस्त' हा शब्द त्यांना अजिबात खपायचा नाही. "मी दुरुस्ती करत नाही, मी यंत्राची समजूत काढतो," असं ते हळू आवाजात सांगायचे, आणि हळू आवाजात सांगितलेली गोष्ट लोकांना उगाचच खोल वाटते. त्यांच्या हाताला गुण आहे, असं कुणीतरी पहिल्यांदा म्हणालं आणि मग तेच नाव पडलं.

आले एकदाचे. पांढराशुभ्र शर्ट, खिशात तांब्याची एक गोल चकती. खिडकीमागच्या मुख्य संगणकावर त्यांनी ती चकती ठेवली, तिच्यावर तळहात टेकला आणि डोळे मिटले.

"यंत्रालाही मन असतं," मिटल्या डोळ्यांनी ते म्हणाले. "दिवसभर तुम्ही त्याला हुकूम सोडता. कधी त्याची विचारपूस केलीत?"

रखवालदाराने ओशाळून मोबाइलकडे पाहिलं. बिचाऱ्याने कधीच केली नव्हती.

खिडकीमागे जी बाई बसायची तिला सगळं इस्पितळ खिडकीताई म्हणायचं. गेली अकरा वर्षं मोतीबिंदूच्या मोफत शस्त्रक्रियेसाठी नाव नोंदवायचं ते तिच्याच खिडकीत. नाव, वय, पत्ता, फोन नंबर विचारायचा, संगणकात घालायचा, चिठ्ठी छापून हातात द्यायची. काम साधं, पण यंत्र महाखट्याळ. दिवसातून दोन-तीनदा पडद्यावर राखाडी चौकट यायची, तिच्यात काहीतरी अगम्य लिहिलेलं असायचं आणि सगळा प्रोग्रॅम धाडकन बंद. पुन्हा सुरू व्हायला बारा मिनिटं. तेवढ्यात रांगेतून जे काही ऐकू यायचं ते ऐकून खिडकीताईचे कान किटले होते.

मग आठ महिन्यांपूर्वी हातगुणी आले. "मला यंत्राशी एकांत हवा," म्हणाले. "चारचौघांत ते लाजतं." सगळ्यांना बाहेर काढून त्यांनी दार लावून घेतलं. अर्ध्या तासाने बाहेर आले ते कपाळ पुसतच. त्या दिवसापासून यंत्र एकदाही बंद पडलं नव्हतं. राखाडी चौकट नाही, काही नाही. नाव घाला, पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'नोंद झाली', पुढचा माणूस.

त्यावर आणखी एक चमत्कार. शस्त्रक्रियेची प्रतीक्षायादी नऊ महिन्यांची होती, ती बघता बघता चार महिन्यांवर आली. डॉक्टर तेवढेच, खाटा तेवढ्याच, रांग उलट वाढलेली, आणि यादी मात्र आटत चाललेली! सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. संस्थेच्या अध्यक्षांनी हातगुणींना पुष्पगुच्छ दिला. हे कसं झालं, असं विचारावं हे मात्र एकाच्याही डोक्यात आलं नाही.

खिडकीताईच्याही नाही. खरं सांगायचं तर सगळ्यांत मोठी भक्त तीच होती. का नसावी? अकरा वर्षांत पहिल्यांदा ती संध्याकाळी डोकेदुखीची गोळी न घेता घरी जात होती. नाही म्हणायला एकदा तिने विचारलं होतं, "काही काही चिठ्ठ्यांवर क्रमांकाची जागा कोरी येते. असं का हो?"

हातगुणी गोड हसले होते. "कोरी जागा शुभ. त्या माणसाची नोंद अंकांच्या पलीकडे गेली."

"आणि यादीत ते नाव आलंय का, बघू का?"

"सारखं उघडून बघू नका. संशय घेतला की यंत्र रुसतं."

आणि हिने नाही बघितलं! चिठ्ठीवर क्रमांक नाही हे रुग्णांनी तरी कसं ओळखावं? वाचता येत नाही म्हणूनच तर ते या इस्पितळात आलेले.

खिडकीताईच्या घरी तिचे सासरे होते, आप्पा. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. तरुणपणी एका घड्याळाची स्प्रिंग उसळून डावा डोळा गेला होता, त्यामुळे सगळी मदार उजव्यावर. त्यात मोतीबिंदू उतरला. सासूबाईंनाही मोतीबिंदूच. खिडकीताईने सात महिन्यांपूर्वी आधी सासूबाईंचं नाव घातलं, पंधरा दिवसांनी आप्पांचं. दोघांनाही मोबाइल वापरायचा कंटाळा, तेव्हा फोन नंबर दोघांचाही तिचाच दिला.

सासूबाईंची शस्त्रक्रिया होऊन तीन महिने झाले होते. त्यांना आता इतकं लख्ख दिसायचं की घरातली एकही जळमट त्यांच्या तावडीतून सुटत नव्हती. आप्पांचा नंबर मात्र काही लागेना.

"येईल हो आप्पा. मी स्वतः नाव घातलंय," सूनबाई म्हणायची.

"ओळख काढून मधे घुसवू नकोस हं मला," आप्पा बजावायचे. "रांगेतूनच जाईन."

परवा त्यांनी चहा कपात ओतायचा तो बशीच्याही बाहेर ओतला. काल जिन्याची शेवटची पायरी चुकली. त्याच सोमवारी दुपारी सूनबाईने त्यांना तपासणीला नेलं तेव्हा इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "मोतीबिंदू फार पिकलाय. डोळ्यातला दाब वाढायला लागलाय. आणखी थांबलो तर हाही डोळा जाईल. यांचं नाव कधी घातलं होतंत? एव्हाना यायला हवं होतं."

मोठ्या बाईंनी आप्पांना त्याच आठवड्यातली तारीख दिली. पण 'एव्हाना यायला हवं होतं' हे काही तिच्या डोक्यातून जाईना.

त्या संध्याकाळी आप्पा खुर्चीत बसून तिला एकेक विचारायला लागले.

"तुझं यंत्र आधी दिवसातून किती वेळा अडायचं?"

"दोन-तीनदा तरी."

"आणि आता?"

"आठ महिन्यांत एकदाही नाही."

"का अडायचं?"

"कोण जाणे."

"मग अडायचं थांबलं कशाने?"

"हातगुणींच्या हाताला गुणच तसा आहे, आप्पा."

आप्पा मोठ्याने हसले. "अगं, माझ्या दुकानात एकदा एक गृहस्थ गजराचं घड्याळ घेऊन आले. म्हणाले, पहाटे फार कर्कश वाजतं, बंदोबस्त करा. मी घंटेच्या आत कापूस कोंबला. ते खूश! दुसऱ्याच दिवशी त्यांची गाडी चुकली. बिघाड काय होता ते जो सांगत नाही ना, त्याने कापूसच कोंबलेला असतो. तू उद्या यादीत माझं नाव शोध. रुसू दे यंत्राला रुसायचं तर."

दुसऱ्या दिवशी दुपारी रांग ओसरल्यावर खिडकीताईने धीर करून यादी उघडली. सासूबाई होत्या. आप्पा नव्हते. तिने पुन्हा शोधलं. वयावरून शोधलं, पत्त्यावरून शोधलं. आप्पा नव्हतेच. तिने स्वतःच्या हातांनी घातलेलं नाव!

तिने तिथूनच नणंदेला फोन लावला. नणंद कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकवायची, आणि हातगुणींचं नाव काढलं की तिच्या कपाळाला आठ्या पडायच्या.

"वन्सं, आप्पांचं नावच नाही हो यादीत."

"रडू नकोस वहिनी. आप्पांचं नाव आत्ता पुन्हा घाल. जसंच्या तसं."

घातलं. 'नोंद झाली.' चिठ्ठी आली, क्रमांक कोरा. यादीत नाव नाही.

"आता एकच गोष्ट बदल. फोन नंबर शेजाऱ्यांचा टाक."

टाकला. 'नोंद झाली.' चिठ्ठीवर ठसठशीत क्रमांक. यादीत आप्पा हजर.

"वन्सं!"

"ऐकलं. तुझ्या नंबरावर आईचं नाव आधीच आहे ना? तिथे गोम आहे. तुझ्या मोठ्या बाईंना सांग, मला आतला प्रोग्रॅम बघायचाय. आणि त्या थोर पुरुषालाही बोलाव. माझ्या एकटीवर कुणी विश्वास ठेवणार नाही."

बुधवारी दालन पुन्हा भरलं. हातगुणींना वाटलं आणखी एक पुष्पगुच्छ आहे. ते चकती घेऊन हसतमुखाने आले. मोठ्या बाई हाताची घडी घालून उभ्या होत्या, त्यांच्या शेजारी नणंद. आप्पा काठी टेकत येऊन पहिल्या बाकावर बसले होते. दुसऱ्या दिवशी त्यांची शस्त्रक्रिया होती, पण हा खेळ चुकवायला ते तयार नव्हते.

"आज आपण तुमचंच नाव घालू या," खिडकीताई हातगुणींना म्हणाली. "वय?"

"यंत्रसाधनेत वय नसतं."

"बावन्न घालते. फोन नंबर माझाच टाकते, चालेल ना?"

"चालेल, चालेल. यंत्र आपल्या माणसाला ओळखतं."

'नोंद झाली.' टाळ्या पडल्या. हातगुणींनी मान लववली.

"आता शोधा स्वतःला," नणंद म्हणाली.

खिडकीताईने पडदा लोकांकडे वळवला, नाव टाकलं आणि बटण दाबलं. पडदा म्हणाला, असं कुणी नाही. पुन्हा दाबलं. असं कुणी नाही.

"मी... मी यादीच्या पलीकडे..." हातगुणी म्हणाले, आणि मागून सिस्टरबाई फस्सकन हसल्या. एक माणूस हसला की मग काय, सगळं दालन हसायला लागलं. आप्पा सर्वांत जोरात.

नणंदेने हात वर केला. "हसा, पण ऐका. या संगणकाच्या आत एक मोठी नोंदवही आहे. तिला डेटाबेस म्हणतात. ज्याने ती तयार केली त्याने तिला एक नियम घालून दिला, एका फोन नंबरावर एकच माणूस. आता मला सांगा, इथे येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे स्वतःचा फोन असतो का?"

"छे! मुलाचा नाहीतर सुनेचा देतात," रखवालदार म्हणाला.

"बरोबर. म्हणजे आजींचं नाव गेलं, की आजोबांच्या नावाला वही नकार देणार. हा नकार आला की काय करायचं हे प्रोग्रॅमला कुणी शिकवलंच नव्हतं. म्हणून तो हातपाय गाळून बंद पडायचा. तेच नाव पुन्हा घातलं की पुन्हा बंद. ती राखाडी चौकट म्हणजे वहीचा नकार होता. आपण तो वाचला नाही, नुसते वैतागलो."

"आणि हातगुणींनी काय केलं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

नणंदेने प्रोग्रॅम उघडून तीन ओळींवर बोट ठेवलं. "दार लावून अर्ध्या तासात एवढंच केलं. वहीने नकार दिला तर तो ऐकू नको, गप्प बस, आणि काहीही झालं तरी 'नोंद झाली' म्हण. आप्पांच्या भाषेत सांगायचं तर घंटेत कापूस. आठ महिने ज्यांना ज्यांना वहीने नाकारलं, ती सगळी माणसं हातात चिठ्ठी घेऊन घरी वाट बघत बसली. यादी आटली ती अशी."

हसू एकदम थांबलं. खिडकीताईने खाली बघितलं. त्या सगळ्या चिठ्ठ्या तिने आपल्या हातांनी दिल्या होत्या, वर 'काळजी करू नका' असं सांगून.

"पण बंद तर पडलं नाही ना?" हातगुणींचा हळू आवाज कुठल्या कुठे गेला होता. "तुम्हाला ते चालू हवं होतं. मी चालू ठेवलं!"

"तेवढं बरोबर आहे तुमचं," नणंद म्हणाली, आणि सगळे चमकले. "एका नोंदीपायी सगळी रांग बारा मिनिटं थांबावी, हा मूर्खपणाच होता. प्रोग्रॅम चालू राहायलाच हवा. पण चूक झाली हे कबूल करून चालू राहणं वेगळं आणि चूक लपवून चालू राहणं वेगळं. नकार आला ना? मग तो ऐका. खिडकीताईंना साध्या मराठीत सांगा, की हा नंबर अमुक आजींच्या नावावर आहे, ही घरातलीच दुसरी व्यक्ती आहे का? ती नोंद कारणासकट वेगळ्या यादीत जपून ठेवा आणि पुढच्या माणसाला घ्या. वही कधी दुसऱ्या कामात गुंतलेली असेल तर थोडं थांबून पुन्हा विचारा, तीनदा विचारा. तरी नाही जमलं, तर तीही नोंद त्याच वेगळ्या यादीत. आणि संध्याकाळी छापलेल्या चिठ्ठ्या आणि वहीतली नावं जुळतात का ते बघून मगच घरी जा. यात मन नाही, रुसवा नाही, चकती नाही. दोन दिवसांचं काम आहे."

"मग त्या चकतीचं काय?" भांडारातल्या कारकुनाने विचारलं. प्रिंटर अजून त्याच्या काखेत होता.

"कागद उडू नये म्हणून ठेवा वर," आप्पा म्हणाले.

हातगुणींनी चकती खिशात घातली आणि ते निघाले. मोठ्या बाईंनी त्यांना दारात अडवून एवढंच सांगितलं, की जिथे जिथे दार लावून समजूत काढली असेल, त्या सगळ्या ठिकाणांची नावं संध्याकाळपर्यंत लिहून द्या. चार पानं भरली म्हणे.

गुरुवारी आप्पांची शस्त्रक्रिया झाली. शुक्रवारी पट्टी सुटली. आप्पांनी डोळा उघडला, दोनदा मिटला, पुन्हा उघडला आणि सूनबाईकडे बघतच राहिले.

"अगं, एवढे केस पांढरे कधी झाले तुझे?"

ती हसायला गेली आणि ढसाढसा रडली. आप्पांनी तिला रडू दिलं.

त्याच दिवशी नणंद प्रोग्रॅमचं काम संपवून निघाली, तर दारात सिस्टरबाई उभ्या. हातात रक्तदाबाचं यंत्र. "मॅडम, जरा हात ठेवता का यावर?"

नणंदेने कपाळाला हात लावला. "अहो सिस्टर, हात नका मागू. काय होतंय ते सांगा. कधी होतं, कधी होत नाही, ते सांगा. सेल कधी बदलले होते?"

सेल दोन वर्षांत बदललेच नव्हते.

राहिलं होतं ते सगळ्यांत अवघड काम. दृष्टी तपासणाऱ्या खोलीत एक जुनी कागदी वही होती. तपासणाऱ्या बाई जाड पेनने तिच्यात प्रत्येक रुग्णाचं नाव आणि फोन नंबर लिहायच्या. त्या वहीतली नावं आणि संगणकातली नावं समोरासमोर ठेवल्यावर एकशे सत्त्याऐंशी माणसं कमी भरली. खिडकीताई म्हणाली, "फोन मीच करणार. दुसऱ्या कुणी करायचे नाहीत." शनिवारी सकाळी तिने आधी सगळ्यांसाठी तारखा लावून घेतल्या आणि मग फोन हातात घेतला.

पहिले दोन-तीन जण नुसते आनंदले, त्याचंच तिला जास्त लागलं. चौथा फोन एका आजींना होता. त्यांचा एक डोळा चालेनासा झाला होता. कधी, ते त्यांना नीट सांगता येईना. दोनेक महिने झाले असतील, म्हणाल्या.

"आजी, तुमची नोंद झालीच नव्हती. चूक आमची आहे. माझ्या खिडकीत झाली." खिडकीताईने समोरची वही जवळ ओढली. "तुमच्या चिठ्ठीवर क्रमांक नव्हता ना?"

"नव्हता गं. नातीने वाचून सांगितलं होतं मला, की आजी इथे कोरं आहे. पण म्हटलं, एवढी शिकलेली माणसं तुम्ही, एवढं मोठं यंत्र. आपण कुठं विचारायचं?"

शिकलेल्या माणसांनीही विचारलं नव्हतं, हे खिडकीताईने कुठल्या तोंडाने सांगायचं?

"विचारायचं, आजी," ती म्हणाली. "यापुढे विचारायचंच. मला विचारा, डॉक्टरांना विचारा. मी वैतागले, खेकसले, तरी विचारा. इथे कोरं का, असं झालं कसं, दाखवा बघू, असं म्हणा. ज्याचं काम सरळ आहे त्याला विचारलेलं लागत नाही. दुसरा डोळा तरी वाचवू आपण. सोमवारी सकाळी नऊला या. गाडी पाठवते."

"बरं," आजी म्हणाल्या. "मग आत्ताच विचारते हो. हे सोमवारचं कुठं लिहिलंयस का, की नुसतं तोंडाने म्हणतेस?"

"लिहिलंय आजी."

"वाच बघू."

खिडकीताईने डोळे पुसले, पडद्यावर आजींचं नाव शोधून काढलं आणि नाव, वय, तारीख, क्रमांक, सगळं एकेक अक्षर लावून वाचून दाखवलं. आजींनी क्रमांक दोनदा वाचायला लावला. नातीने तो पलीकडे लिहून घेतला.